अनाथोथचं शेत

सोलापूरहून धुळ्याकडे निघालं आणि येरमाळ्याची येडाई देवी मागे पडली, की तेरखेडा लागतं. मराठवाड्यात या गावाचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या तोंडून पुढचा शब्द येतो फटाक्यांचा. गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, एकमेकींपासून अंतर राखून छोट्या छोट्या खोल्या उभ्या आहेत. एका खोलीत काही बरंवाईट झालं तर शेजारची वाचावी म्हणून हे अंतर. नियमच तसा आहे आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या पेसोचं, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं, मुख्य कार्यालय नागपुरात बसतं. शोरा, गंधक, कोळसा, अ‍ॅल्युमिनियमची पूड, सुतळी, वात. दिवाळीला कितीतरी अंगणांत जो लख्ख उजेड पडतो, त्यातला थोडा इथल्या बायाबापड्यांच्या बोटांतून गेलेला असतो. आणि अधूनमधून यातल्याच एखाद्या खोलीत स्फोट झाल्याची बातमी येते. ती आली की ज्यांच्या घरचं माणूस कामावर असतं ते चुलीवरचं तसंच टाकून धावत सुटतात.

देवाच्या अभिवचनांवर लिहायला बसलो की मला हे गाव आधी आठवतं. जिथे धोका रोज डब्याबरोबर कामावर न्यावा लागतो, तिथे वचन धरून जगायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न प्रवचनापुरता उरत नाही.

या भागात ख्रिस्ती घरं थोडी. पण घर कितीही लहान असो, भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतंच. ओळखीतल्या एका मावशीच्या घरी ९१ व्या स्तोत्राची पाटी होती. देवाच्या सावलीत राहणाऱ्यानं रात्रीला भिऊ नये, दिवसाच्या घातालाही भिऊ नये, असा आधार देणारं हे स्तोत्र. मावशी फटाक्यांच्या कामावर जायची. जाताना सुती लुगडंच नेसायची. नायलॉनचा धागा अंगाला लागू द्यायची नाही. घरी आली की चुलीकडे वळण्याआधी कोपरापर्यंत हात घासून धुवायची. मी एकदा विचारलं, "मावशी, तुला भ्या नाही वाटत?"

"वाटतं की. रोजच वाटतं," ती म्हणाली. "वचन हाय म्हणून हात धुवायचं इसरायचं नसतं, लेकरा. वचन हाय म्हणून पाऊल उचलतं, इतकंच."

मावशीनं मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय कुणाकडून समजून घेतला होता की नाही, मला ठाऊक नाही. पण तिचं बोलणं थेट तिथलं होतं. त्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो, आणि आधाराला ९१ वं स्तोत्रच पुढे करतो: देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना? संपूर्ण पवित्र शास्त्रात मला याहून सावध करणारा प्रसंग सापडत नाही. अभिवचन खरं आहे, शब्द शास्त्रातलेच आहेत, आणि तरीही मागणी सैतानाची आहे. येशू अनुवादाच्या पुस्तकाचा दाखला देऊन उत्तर देतो, की देवाची परीक्षा पाहायची नसते. तो वचन नाकारत नाही. त्याच्या जोरावर उडी मारायला नाकारतो. अंगावर सुती कापड घालून दारूच्या खोलीत शिरणारी बाई त्याच्या बाजूची आहे, असं मला मनापासून वाटतं.

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे मंडळी उपासनेला जमते. बारा वाजले, गुडघे टेकून प्रार्थना झाली, की कित्येक मंडळ्यांत एक ताट फिरतं. त्यात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येक चिठ्ठीवर एकेक अभिवचन. ज्याच्या हाती जे येईल ते त्याचं वर्षाचं वचन. लेकरं चिठ्ठ्या बदलून घ्यायला बघतात, म्हातारी माणसं ती जपून शास्त्राच्या पानांत ठेवतात. कुणाला यात चिठ्ठीचा खेळ दिसत असेल. मला दिसत नाही. वर्षभर जिच्याशी कुणी नीट चार शब्द बोललेलं नसतं, त्या बाईला त्या रात्री तिच्या एकटीसाठी एक वाक्य मिळतं आणि ती ते दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा वाचते.

या चिठ्ठ्यांत सगळ्यांचं लाडकं वचन यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं, अकरावं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे विचार आहेत, अनर्थाचे नाहीत. शेवट आशेचा आहे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, जीपच्या काचेवर ते लावलेलं असतं. मात्र चिठ्ठीवर एकच वचन मावतं. त्याच्या वरचं दहावं मावत नाही आणि ते सुटलं की अकराव्याची ताकद निम्मी होते.

हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलच्या राजानं यरुशलेममधली माणसं धरून नेली होती, त्या परमुलखातल्या कैद्यांना यिर्मयानं पाठवलेलं. अलीकडच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. त्यानं भर मंदिरात सांगितलं होतं की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू काढून मोडून टाकलं होतं. लोकांना हनन्या आवडला असणार. दोन वर्षं कुणीही काढतं. यिर्मयाच्या पत्रातला, त्या दहाव्या वचनातला, आकडा आहे सत्तर. म्हणजे पत्र हातात घेऊन उभा असलेला जाणता माणूस स्वतः परतणार नव्हता. त्याला सांगितलं काय? घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या शांतीत तुमची शांती आहे. हे सगळं झाल्यावर मग ते अकरावं वचन.

आमच्या छोट्या मंडळीत गावासाठी प्रार्थना होते ती या पत्रामुळेच. पाऊस मागायचा तो सगळ्या शिवारावर. कामावरची माणसं संध्याकाळी धडधाकट घरी यावीत ही विनंती करताना कुणाचं आडनाव विचारायचं नसतं.

मराठवाड्यात अभिवचनाच्या नावानं वसलेली एक वस्ती आहे. जालन्याजवळ, बेथेल. नारायण शेषाद्री हे मुंबईत १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक म्हणून त्यांनी जालना परिसरात काम केलं. त्यांच्याकडे येणारी माणसं बहुतेक मांग आणि महार समाजातली. गावात त्यांना ना जमीन ना पाणवठा. तेव्हा हा मुलूख निजामाचा. शेषाद्रींनी त्या दरबाराकडून जमीन मिळवली आणि वस्ती उभी केली. नाव घेतलं उत्पत्तीच्या २८ व्या अध्यायातलं. घरातून पळालेला याकोब रानात धोंडा उशाला घेऊन झोपतो, आणि देव त्याला स्वप्नात सांगतो की ही जमीन तुझी, मी तुझ्याबरोबर आहे, तुला परत आणीन. सकाळी तो त्या जागेला बेथेल म्हणतो, देवाचं घर. ज्यांच्या नावावर पिढ्यानपिढ्या वीतभर माती नव्हती, त्यांना हा अध्याय वाचून दाखवताना ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय उमटलं असेल याचा विचार मी अनेकदा करतो. त्यांच्यासाठी जमीन हा दृष्टान्त नव्हता.

आता पंडिता रमाबाई. मराठीत या विषयावर बोलायचं आणि त्यांच्याजवळ थांबायचं नाही, हे मला जमणार नाही.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील उपासमारीनं गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. बायकोला शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतलेले. बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये नवरा बिपिनबिहारी. पोटची मनोरमा तेवढी राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. डॉक्टर व्हायचं मनात होतं, ते कानांनी दगा दिल्यामुळे राहिलं. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. त्या सदनामागे अमेरिकेतल्या हितचिंतकांचा आधार होता, त्यांनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलेलं. ही मुदत १८९८ ला संपत होती, आणि नेमक्या त्याच्या आधी १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली व बायका घेऊन परतल्या, शेकड्यांनी. ज्या बाईनं स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते, तिनं दुष्काळाच्या दारात उभं राहून लेकी उचलल्या. ठेवायचं कुठे? पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगावला त्यांनी माळरान घेतलं होतं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

इतक्या जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचं, आणि हमखास उत्पन्न म्हणाल तर नाही. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं होतं. अनाथालयासाठी माणसांपुढे हात न पसरता देवाच्या अभिवचनावर भिस्त ठेवणारा तो माणूस. त्यांनाही तसंच जगावंसं वाटलं. पण केडगावात त्या काय करत होत्या ते बघा. विहिरी खोदून घेत होत्या. फळबाग लावत होत्या. मुलींना विणकाम, दूधदुभतं, शेती, खिळे जुळवणं, छपाई शिकवत होत्या. अंध मुलींना ब्रेलवर हात फिरवायला शिकवलं जात होतं. प्रार्थनेला पहाटे उठणारी बाई दिवसभर कामगारांच्या मागे उभी राहायची. देव देईल हा भरवसा आणि कुदळ, हे दोन्ही एकाच अंगणात होते आणि त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. मलाही दिसत नाही.

त्यांचं शेवटचं मोठं काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला समजेल अशा मराठीत ते त्यांना हवं होतं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं काम चाललं. मुक्तीच्याच छापखान्यात, मुलींच्याच हातांनी. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं ठरवलं होतं, ती एकुलती एक लेक. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानांनी जवळजवळ बहिऱ्या. त्या पुन्हा टेबलाशी बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्यांनी देह ठेवला तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. छापून बाहेर पडलं ते दोन वर्षांनी.

मनोरमेला जगव अशी प्रार्थना त्यांनी केली नसेल का? आईनं केलीच असणार. ती मागितली तशी पुरी झाली नाही, आणि ज्या देवानं ती पुरी केली नाही त्याचीच अभिवचनं त्या बाईनं पुढचे काही महिने ओळीनं मराठीत उतरवली, तपासली. याला मी श्रद्धा म्हणतो. कुणी मला शांतीची व्याख्या विचारली तर मी त्या टेबलाकडे बोट दाखवीन.

शांतीविषयी शास्त्रात जे लिहिलंय ते बहुतेक शांत नसलेल्या जागी लिहिलं गेलंय. योहानाच्या १४ व्या अध्यायात येशू शिष्यांना आपली शांती देऊन ठेवतो, ती धरून नेण्याच्या रात्री. दोनच अध्याय पुढे तो उघड सांगतो की जगात तुम्हाला क्लेश होतील. हेही अभिवचनच आहे, कुणी चिठ्ठीवर लिहीत नसलं तरी. फिलिप्पैकरांना चिंता करू नका म्हणणारा पौल बेड्यांत होता.

तेरखेड्याच्या या आमच्या जिल्ह्यानं दोन गोष्टी फार जवळून पाहिल्या आहेत. एक, ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारी लातूरमधलं, पण सास्तूर आणि लोहारा-उमरगा भागातली कितीतरी गावं आमची. दगडमातीच्या जाड भिंतींखाली घरंच्या घरं गेली. यशयाच्या ५४ व्या अध्यायात, टाकून दिलेल्या एका स्त्रीशी बोलावं तसं देव बोलतो. त्यात तो म्हणतो की डोंगर जागचे सरकले, टेकड्या ढळल्या, तरी माझी दया तुझ्यावरून ढळणार नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन खरोखर हलली त्यांनी हे नीट वाचावं. डोंगर हलणार नाहीत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरी गोष्ट दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ती जलदूत गाडी सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. त्या आणि तशा वर्षांत आमच्याकडे माणसं जनावरांबरोबर चारा छावणीत राहिली. अशा वेळी हबक्कूकचा तिसरा अध्याय वाचला की अंगावर काटा येतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात दाणा नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. यादी पुरी केल्यावर तो म्हणतो की तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे देवाचं अभिवचन नव्हे, अभिवचन ऐकलेल्या माणसानं दिलेलं उत्तर आहे. आणि त्या पुस्तकाच्या शेवटी पाऊस पडत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे. कर्जापायी घरधनी गेलेल्या घरात आपण भेटायला जातो, आणि दारातून आत शिरताच वचन म्हणून दाखवतो. हे थांबलं पाहिजे. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून एक शब्द काढला नाही. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेच. बोलायला लागले आणि बिघडलं. अभिवचन ज्याचं त्याला धरता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या मुठीत कोंबून ते धरलं जात नाही. तोवर मागे राहिलेल्या बाईच्या लेकरांची फी, तिची बँकेची खेप, तिच्या सोयाबीनची काढणी, यातलं काहीतरी आपल्याला उचलता येतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त धरून ठेवणारा अध्याय यिर्मयाचा ३२ वा. सभेत तो फारसा वाचला जात नाही, कदाचित त्यात व्यवहार फार आहे म्हणून. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय, तटाला माती लावून चढण रचली आहे. सिद्कीया राजाच्या कारकिर्दीचं दहावं वर्ष. शहर पडणार असं सांगितलं म्हणून राजानं यिर्मयाला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलंय. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधलं माझं शेत विकत घे, भाऊबंद म्हणून पहिला हक्क तुझा. अनाथोथ म्हणजे यिर्मयाचं गाव, आणि त्या वेळी ते शत्रूच्या छावणीखालीच गेलेलं असणार. ज्या जमिनीवर उद्या पाय ठेवता येणार नाही ती आज कोण घेईल?

यिर्मया घेतो. आमच्याकडच्या शेतकऱ्यानं हा व्यवहार वाचला तर त्याला एकेक पायरी ओळखीची वाटेल. सतरा शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं. खरेदीखत लिहिलं, सह्या केल्या, साक्षीदार घेतले. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सगळ्यांदेखत दोन्ही कागद लेखनिक बारूखाच्या हाती दिले आणि बजावलं की मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकले पाहिजेत. कारण देवाचं म्हणणं असं, की या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मला हलवून जातं ते याच्या पुढचं. कागद भांड्यात गेल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो, आणि त्या प्रार्थनेत त्याचा गोंधळ उघड दिसतो. देवा, मातीची चढण तटाला लागली आहे, शहर शत्रूच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला म्हणालास शेत घे! पैसे मोजून झालेत, सही झालीय, आणि मन अजून धडधडतंय. आधी शंका फिटू दे मग सही करतो, असं त्यानं म्हटलं नाही. सही करून शंका घेऊन देवाकडे गेला. माझ्यासारख्या, रात्री तीनला जाग येऊन छताकडे बघत पडणाऱ्या माणसाला या क्रमाचा केवढा आधार आहे ते सांगता येत नाही.

शहर पडलं. उरलेल्या लोकांनी यिर्मयाला त्याच्या मर्जीविरुद्ध मिसर देशात नेलं. तहपनहेस इथे तो त्यांच्याबरोबर होता, एवढं शास्त्रात आहे. तिथून तो परत आल्याचं कुठेही नाही. त्या शेतात त्यानं कधी नांगर घातला नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अशाच माणसांची नावं आहेत, अभिवचनाचं फळ दुरून पाहून त्याला सलाम करून गेलेल्यांची.

पुढे बाबेल पडलं, पारसी राजा कोरेशनं लोकांना घरी जायला मोकळं केलं, आणि एज्राच्या दुसऱ्या अध्यायात परतलेल्यांची यादी आली. वाचायला कंटाळवाणी, गावागावाचं नाव आणि पुढे माणसांचा आकडा. सभेत ती वाचायची वेळ आली तर लोक पानं उलटतात. मी तेविसाव्या ओळीपाशी थांबतो. तिथे लिहिलंय की अनाथोथचे लोक परत आले, एकशे अठ्ठावीस.